हॉलची भिंत आणि मिलिटरी कलर

गेले तीन शनिवार-रविवार इथे काही लिहिलं नाही, कारण मी भिंत रंगवत होतो. म्हणजे खरं सांगायचं तर भिंत रंगवणाऱ्याच्या हाताखाली डबा धरून उभा होतो. नगरच्या घरातली हॉलची भिंत. एकच. चौदा फूट लांब, दहा फूट उंच. एका भिंतीला तीन वीकेंड कसे लागतात असं विचारू नका, तेच तर सांगायला बसलोय.

(नगर म्हणजे अहमदनगर. २०२४ पासून कागदोपत्री अहिल्यानगर. पण एस.टी.त बसल्यावर मी अजून "एक नगर" एवढंच म्हणतो आणि कंडक्टरही मुकाट्याने तिकीट देतो.)

सुरुवात बायकोच्या फोनमधल्या एका फोटोने झाली. काळपट ऑलिव्ह हिरवी भिंत, तिच्यापुढे साधं लाकडी कपाट, पितळेचा एक दिवा, कोपऱ्यात कुंडी. फोटोत माणूस नव्हता, पसारा नव्हता, वायरी नव्हत्या. असे फोटो बघितले की आपण घरात नाही, गोडाऊनमध्ये राहतो असं वाटायला लागतं. पुण्यातल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये घरमालक खिळासुद्धा ठोकू देत नाही, भिंत हिरवी करणं तर दूरच. मग ठरलं की नगरला करू. तिथे नाहीतरी रंगकाम काढायचंच होतं. ते घर अण्णांनी १९९४ साली सोसायटीचं कर्ज काढून सावेडीत बांधलं. आधी चुना आणि नीळ, मग डिस्टेंपर, मग प्लास्टिक पेंट असा भिंतींचा प्रवास झाला. डिस्टेंपर आल्यापासून रंग मात्र एकच. क्रीम. का, ते आम्ही कधी विचारलंच नाही.

मी पडलो सॉफ्टवेअरवाला. माझ्यासाठी रंग म्हणजे तीन आकडे. वेब पेजवर वापरायच्या रंगांच्या यादीत 'डार्क ऑलिव्ह ग्रीन' नावाचा रंग खरंच आहे: लाल ८५, हिरवा १०७, निळा ४७. साधा 'ऑलिव्ह' त्याहून मजेशीर. लाल १२८, हिरवा १२८, निळा शून्य. आता लाल आणि हिरवा प्रकाश सारखा मिसळला की पिवळा होतो (पडद्यावर, रंगपेटीत नाही). म्हणजे ऑलिव्ह हा मुळात हिरवा नाहीच, तो दिवा मंद केलेला पिवळा आहे! हा शोध बायकोला सांगितला. तिने "बरं" म्हटलं आणि पुढचा फोटो दाखवला.

मग मी तिला ऑस्ट्रेलियाची गोष्ट ऐकवली. २०१२ साली तिथल्या सरकारने सिगारेटची पाकिटं मुद्दाम घाणेरड्या रंगाची केली. लोकांना विचारून विचारून सगळ्यात नकोसा रंग शोधला, पॅन्टोन ४४८ सी. सुरुवातीला सरकार त्याला 'ऑलिव्ह ग्रीन' म्हणत होतं. तेव्हा तिथल्या ऑलिव्ह पिकवणाऱ्यांच्या संघटनेने तक्रार केली की आमच्या फळाचं नाव या रंगाला देऊ नका. "म्हणजे तू जगातला सगळ्यात घाण रंग हॉलला लावायला निघालीस," मी म्हणालो. ती म्हणाली, "तो वेगळा." तो वेगळाच आहे म्हणा, तपकिरीकडे झुकणारा. पण फार वेगळा नाही.

आमच्याकडे या रंगाला नावच नाही, ही खरी अडचण. ऑलिव्ह आम्ही पिझ्झ्यावर पाहिलेलं. कापडबाजारात साडी घ्यायला गेलं की मेंदी, शेवाळी, पोपटी, बॉटल ग्रीन असे हिरव्याचे दहा भाऊ निघतात. आईने शेड कार्डवरचा चौकोन पाहिला आणि म्हणाली, "शेवाळी म्हण की सरळ." शेवाळी शब्द छान आहे, पण भिंतीच्या संदर्भात वाईट. बाकी नगर जिल्ह्यात भिंतीला शेवाळ धरायला पाऊस तरी कुठाय!

आईची शंका वेगळी होती. तिच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं बाकी आहे. "दिवसा लाइट लावून बसायचं का?" शंका बरोबर होती. भिंतीवर पडलेल्या उजेडापैकी किती उजेड खोलीत परत येतो याचा एक आकडा असतो, बऱ्याच कंपन्या तो शेडबरोबर देतात. क्रीम रंग सत्तर-ऐंशी टक्के परत देतो. माझ्या ८५-१०७-४७चा हिशेब केला तर जेमतेम बारा-तेरा टक्के. म्हणून चारही भिंती करायच्या नाहीत, एकच करायची, आणि तीही खिडकीसमोरची. खिडकी ज्या भिंतीत आहे तिला गडद रंग दिला तर तिच्यावर उजेड पडतच नाही आणि ती नुसती काळी दिसते. समोरच्या भिंतीवर सकाळचं ऊन थेट येतं. वर एक फायदा असा की गडद भिंतीवर पांढरे स्विच उठून दिसतात. क्रीमवर पांढरं बटण आईला चाचपडत शोधावं लागायचं. हा मुद्दा मांडल्यावर आईचं मत माझ्या खिशात आलं.

अण्णांनी शेड कार्ड हातात घेतलंच नाही. लांबूनच म्हणाले, "मिलिटरी कलर."

जे नगरचे नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. आमचं शहर निम्मं लष्कराचं आहे. रणगाड्यांचं आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल इथे, मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर इथे, लष्करी गाड्यांवर संशोधन करणारी व्ही.आर.डी.ई. इथे, आणि १९९४ पासून रणगाड्यांचं म्युझियमही इथेच. भिंगारच्या बाजूला गेलं की हिरव्या गाड्या एस.टी. इतक्याच सवयीच्या. पुण्या-मुंबईच्या माणसाला ऑलिव्ह ग्रीन म्हटल्यावर कॅफे आठवत असेल, नगरच्या माणसाला ट्रक आठवतो.

आणि अण्णांनी सदतीस वर्षं तेच ट्रक रंगवले. १९७६ ते २०१३. फौजी नाही, सिव्हिलियन पेंटर. लष्कराच्या एका वर्कशॉपमध्ये गाड्या यायच्या, त्यांचा जुना रंग घासायचा, गंज काढायचा, प्रायमर मारायचा आणि स्प्रे गनने ऑलिव्ह ग्रीन. तोंडाला आईच्या जुन्या साडीचा रुमाल. संध्याकाळी अण्णा घरी आले की आधी थिनरचा वास यायचा, मग अण्णा यायचे. न्हाणीपाशी आई रॉकेलच्या बोळ्याने त्यांचे हात, मान, कानाच्या पाळ्या पुसायची. नखांतला हिरवा कधीच जायचा नाही. शाळेत पालकसभेला ते हात खिशात घालून बसायचे. मला बरं वाटायचं त्याचं. आज हे लिहिताना बरं वाटत नाहीये, पण तेव्हा वाटायचं.

हे सगळं मला माहीत होतं. तरीही शेड कार्ड बघताना एकदासुद्धा ते डोक्यात आलं नाही. फोटोतल्या भिंतीचा रंग आणि अण्णांच्या नखांतला रंग हे माझ्या डोक्यात दोन वेगळ्या फोल्डरमध्ये होते.

"रिटायर झाल्यावर नखं साफ व्हायला सहा महिने लागले मला," अण्णा म्हणाले. "आता तू पैसे देऊन घरात आणतोस व्हय?"

मी म्हटलं, "अण्णा, हल्ली फॅशन आहे."

"सिव्हिल गाडीला हा रंग लावता येत नाही, माहितीये का? गुन्हा आहे."

हे मला खरं वाटलं नाही, म्हणून पाहिलं. खरं निघालं! केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १२१वा नियम. संरक्षण खात्याच्या गाड्या सोडून कुठल्याही गाडीला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येत नाही. मी म्हटलं, "पण भिंतीला चालतो की." अण्णांनी पेपर उघडला आणि पेपराआडून म्हणाले, "करा तुम्हाला काय करायचं ते."

मराठी घरात या वाक्याचा अर्थ होकार नसतो हे कुणालाही कळतं. मला कळलं नाही असं दाखवून मी पेंटर ठरवला. अण्णा दुसऱ्या दिवशी आत्याकडे पाथर्डीला निघून गेले. "लग्नपत्रिका द्यायचीये" म्हणाले. कुणाच्या लग्नाची ते मला अजून कळलेलं नाही.

पहिला वीकेंड. डीलरकडच्या मशीनने डब्यात ठिपके ठिपके सोडून रंग तयार केला. पेंटर पोरगा चटपटीत होता. पुट्टी, पांढरा प्रायमर, आणि रविवारी दुपारी रोलर. एप्रिलची दुपार, पंखा पाचवर. संध्याकाळी भिंत पाहिली तर गाईच्या अंगावर असतात तसे पट्टे. रोलर जिथे थांबला तिथे जोड, जिथे दोनदा फिरला तिथे गडद, मध्येच खालचा पांढरा डोकावतोय. दुसरा हात मारला, तसंच. डब्यावर लिहिल्याप्रमाणे एका लिटरमध्ये दोन हात होऊन ही भिंत संपायला हवी होती. दीड लिटर गेला आणि भिंत आजारी दिसत होती. पोरगा म्हणाला, "साहेब, डार्क शेडचं असंच असतं." आणि दुसऱ्या साइटवर गेला.

पुढच्या शनिवारी मी पोचलो तेव्हा अण्णा परत आले होते. भिंतीसमोर खुर्ची टाकून बसले होते. आई हळूच म्हणाली, "काल सकाळपासनं तिथंच आहेत."

मला वाटलं, आता ऐकायला लागणार. त्यांनी उरलेला डबा उघडला आणि त्यात नाक घातलं.

"याला वास कसा नाही?"

"पाण्यातला आहे अण्णा. थिनर नसतो यात."

ते पुन्हा वाकले, पुन्हा वास घेतला. मग बोट बुडवून अंगठ्यावर चोळलं. "पिवळं कमी पडलंय. हिरवा कुठे असतो त्यात? पिवडीत काजळी घातली की झाला हा रंग. हिरवा नुसता चवीपुरता." मी गप्प. तीन आकडे मांडून मी जो शोध लावला होता तो या माणसाला माझ्या जन्माआधीपासून माहीत होता. (नंतर वाचलं, जुन्या अमेरिकन लष्करी ऑलिव्हची कृतीही हीच, पिवळी माती आणि काळा.)

मग म्हणाले, "पंखा बंद कर. अन् करड्या प्रायमरचा डबा घेऊन ये."

त्या दोन वीकेंडमध्ये मी जे शिकलो ते इथे लिहून ठेवतो, तुमच्यापैकी कुणी या भानगडीत पडणार असेल तर उपयोगी पडेल. गडद शेड ज्या बेसमध्ये बनवतात त्यात पांढरं पिगमेंट जवळजवळ नसतं. झाकण्याची ताकद त्या पांढऱ्याची असते, म्हणून गडद रंग दिसतो दणकट पण झाकतो कमी. खाली पांढरा प्रायमर असेल तर चार-चार हात मारूनही तो डोकावतो. खाली करडा मारला की दोन हातात काम होतं. दुसरं, ओल्याला ओलं जोडायचं. एक पट्टा वाळायच्या आत शेजारचा यायला हवा, म्हणून पंखा बंद, दुपार टाळायची, आणि एकदा भिंत सुरू केली की मध्ये चहा नाही. आम्ही पहाटे साडेपाचला सुरू केलं. तिसरं, पट्टीचा टेप लावायचा नाही, असं अण्णांचं म्हणणं. छताची कड त्यांनी दोन इंची ब्रशने हातानेच ओढली. बहात्तराव्या वर्षी, स्टुलावर चढून, श्वास धरून. मी खाली स्टूल धरून. चौदा फुटांत कुठेही रेघ हलली नाही. हे शिकण्यासारखं आहे, पण शिकवता येण्यासारखं नाही.

चमकदार फिनिश घ्यायचा की मॅट, यावर डीलरने अर्धा तास घेतला होता. अण्णांनी एका वाक्यात संपवलं. "मॅटच. चमकली की दिसली." त्यांच्या लेखी या रंगाचं कामच न दिसणं. झाडीत, धुळीत, वरून विमानातून. तो आम्ही हॉलमध्ये लावणार, आलेल्या माणसाची नजर आधी त्याच्यावर पडावी म्हणून! हे बोलून दाखवल्यावर अण्णा हसले. या सगळ्या प्रकरणात पहिल्यांदाच.

पहिला हात झाला आणि आम्ही फरशीवर बसलो. मी सहज विचारलं, "अण्णा, कारगिलच्या वेळी तुम्ही रात्रीचे घरी यायचा नाहीत ना?" १९९९चा मे-जून. मी सहावीत जाणार होतो. ते दोन-दोन दिवसांनी यायचे, भुवयांपर्यंत हिरवे.

"गाड्या यायच्याच तेवढ्या," ते म्हणाले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "दरवाज्याच्या आतल्या बाजूला पोरं नावं कोरायची. खिळ्याने. स्वतःचं नाही, गावाचं. कुठली कुठली गावं. आपलं काम काय, घासायचं आणि वरून मारायचं. पत्रा कोरा झाला पाहिजे. एका ट्रकला 'पारनेर' लिहिलेलं होतं."

पारनेर आमच्याच जिल्ह्यातला तालुका. घरापासून तासाभरावर.

"मग?"

"मग काय. तेवढं नाही घासलं. वरून हात फिरवला, पण पातळ. नीट बघितलं तर वाचता यायचं." थोडं थांबून म्हणाले, "सुपरवायझरने बघितलं. काही बोलला नाही."

"पुढे त्या ट्रकचं काय झालं?"

"ते आम्हाला कसं कळणार? गाडी गेटबाहेर गेली की संपलं."

पंचवीसेक वर्षांत ही गोष्ट त्यांनी घरात सांगितली नव्हती. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती, तिलाही नवीन होती. ती फक्त एवढंच म्हणाली, "उठा, भिंत वाळली असेल."

मग क्रीमचं विचारलं. हो, तेच कारण होतं. दिवसभर तो रंग बघून आलं की घरात डोळ्यांना काही नको असायचं. "अन् सरकारी रंग चिमूटभरही घरी आणला नाही मी," हे त्यांनी दोनदा सांगितलं. आमच्या गल्लीत निम्म्या घरांच्या ट्रंका आणि गेटं त्या रंगाची होती, डिस्पोजलमधून घेतलेली किंवा कशीही आलेली. आमची ट्रंक काळी. लहानपणी मला वाटायचं आपण गरीब म्हणून.

तिसऱ्या वीकेंडला दुसरा हात झाला आणि दिव्यांचा घोळ निघाला. हॉलला पांढरी एल.ई.डी. ट्यूब होती. रात्री तिच्या उजेडात भिंत अगदी मेलेल्या राखेसारखी दिसायला लागली. बायकोचा चेहरा पडला. मला कारण माहीत होतं, पांढऱ्या थंड दिव्यात निळा जास्त असतो आणि आपल्या रंगात निळा जवळपास नाहीच, मग तो बिचारा परत काय देणार? बाजारातून पिवळसर, तीन हजार केल्विनचे दोन दिवे आणले. ते लावल्याबरोबर भिंतीत कुठूनतरी पिवळेपणा वर आला. फोटोतल्या भिंतीसारखी नाही, पण ऊब असलेली. अण्णा बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "आता हा आमचा रंग नाही वाटत."

ते चांगल्या अर्थाने म्हणाले की वाईट, मी विचारलं नाही.

पितळेचा दिवा अजून आलेला नाही. कुंडी आली, आईने तिच्यात कढीपत्ता लावला. भिंतीसमोर फोटोतलं लाकडी कपाट यायचं होतं, तिथे आमचा जुना दिवाणच आहे आणि त्यावर शेजारच्यांची वाळत घातलेली गोधडी. स्विच आईला न चाचपडता सापडतात. हातांचे तेलकट डाग मॅट रंगावर लगेच दिसतात, तेव्हा लहान मुलं असतील तर विचार करून करा.

निघताना बॅग उचलायला वाकलो तेव्हा दिवाणाच्या मागे, अगदी खाली फरशीजवळ, पांढऱ्या रंगात काहीतरी दिसलं. बोटभर उंचीची सरळ अक्षरं. रंग दिल्याची तारीख, हात दोन, आणि त्याखाली पुढचा रंग कधी द्यायचा ती तारीख, पाच वर्षांनंतरची. गाड्यांवर असंच लिहायचे म्हणे. मी काही बोललो नाही. पुण्याला येताना सुप्याच्या आसपास फोन काढला आणि ती तारीख कॅलेंडरमध्ये टाकली. करडा प्रायमर आधी आणायचा, हेही खाली लिहिलंय.